पॅरिसमधील हैदराबादी पंडित : डॉ. मुहम्मद हमीदुल्लाह

(शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाची संहिता)



या व्याख्यानमालेचे निमंत्रण देताना चिटणीसांनी विषयाची निवड माझ्यावर सोपविली होती. ग्रंथांच्या संगतीत आयुष्य वेचलेल्या एखाद्या अभ्यासकाविषयी बोलावे, एवढीच त्यांची सूचना होती. मी मराठीचा अध्यापक. तेव्हा राजवाडे, केतकर, फार तर वि. भि. कोलते यांच्यापैकी एखादे नाव मी घेईन अशी त्यांची समजूत असावी. मी कळविलेले नाव वाचून त्यांनी दूरध्वनी केला आणि विचारले, "हे भोपाळचे नवाब का?" त्यांचा प्रश्न आपल्या माळव्यात अगदी स्वाभाविक आहे. आपल्याला ठाऊक असलेले हमीदुल्लाह म्हणजे भोपाळचे नवाब हमीदुल्लाह खान, नरेंद्रमंडळाच्या राजकारणातील एक बडे प्रस्थ. आजच्या भाषणाचे नायक निराळे आहेत. त्यांच्यापाशी संस्थान नव्हते, संपत्ती नव्हती. आणि वयाच्या चाळिशीनंतर तर कोणत्याही देशाचे नागरिकत्वही उरले नाही. डॉ. मुहम्मद हमीदुल्लाह यांचा जन्म १९०८ साली हैदराबादेत झाला. विसाव्या शतकातील इस्लामी विद्येच्या अग्रगण्य संशोधकांत त्यांची गणना होते. आयुष्याची जवळजवळ पन्नास वर्षे त्यांनी पॅरिसमध्ये निर्वासित म्हणून काढली आणि १७ डिसेंबर २००२ रोजी अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात, जॅक्सनव्हिल येथे त्यांचा देह पडला.

त्यांचे घराणे नवाइत. कोकण किनाऱ्यावर प्राचीन काळी येऊन स्थिरावलेल्या अरबवंशीय मुसलमानांचा हा समाज. पुढे त्याच्या शाखा भटकळपासून मद्रासपर्यंत पसरल्या. मुंबईला माहीमचा दर्गा आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. तेथे चिरनिद्रा घेणारे मखदूम अली माहिमी हे पंधराव्या शतकातील कुराणभाष्यकारही नवाइतच होते. हमीदुल्लाहांच्या पूर्वजांनी मद्रासेत काझीपद भूषविले आणि धर्मशास्त्रावर ग्रंथ लिहिले. पोथी, भाष्य आणि अध्यापन यांतच ज्यांच्या पिढ्या गेल्या, अशा आपल्याकडील शास्त्रीघराण्यांसारखेच हे घराणे म्हणावयाचे.

त्यांना घडविले ते मात्र निजामाच्या हैदराबादने, आणि विशेषतः उस्मानिया विद्यापीठाने. या विद्यापीठाविषयी बोलताना मराठी माणसाची मनःस्थिती सरळ राहत नाही; माझीही राहत नाही. माझे आजोळ मराठवाड्यातले. रझाकारांच्या गोष्टी ऐकतच आमची बालपणे गेली. १९१८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाने आधुनिक विज्ञान, कायदा आणि इतिहास हे सर्व विषय एका भारतीय भाषेतून, उर्दूतून, शिकविण्याचे धाडस केले. त्यासाठी स्वतंत्र भाषांतरखाते उभारले आणि हजारो पारिभाषिक शब्द घडविले. मातृभाषेतून उच्च शिक्षणाचा आपण केवळ जप करीत होतो, तेव्हा हे काम तेथे झाले होते. परंतु ती मातृभाषा राज्यातील बहुसंख्य प्रजेची नव्हती, हेही तितकेच खरे. मराठी, तेलुगू, कन्नड बोलणाऱ्यांना त्या भव्य दगडी इमारतीत स्वतःची भाषा वेशीबाहेर ठेवून शिरावे लागे. १९३८ साली 'वंदे मातरम्' म्हटले म्हणून याच विद्यापीठाने विद्यार्थ्यांना काढून टाकले. त्यांतील कित्येकांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांपैकीच एक. त्या वर्षी हमीदुल्लाह तेथे अध्यापन करीत होते. निर्वासन हा शब्द त्या विद्यापीठाच्या इतिहासात असा दोन्ही बाजूंनी आलेला आहे.

उस्मानियातून एम. ए. आणि कायद्याची पदवी घेऊन हमीदुल्लाह युरोपात गेले. १९३३ साली जर्मनीतील बॉन विद्यापीठाने आणि १९३५ साली पॅरिसच्या सॉर्बोनने त्यांना डॉक्टरेट दिली. पहिल्या प्रबंधाचा विषय होता इस्लामी आंतरराष्ट्रीय कायद्यातील तटस्थता, तर दुसऱ्याचा प्रेषित मुहम्मद आणि पहिल्या चार खलिफांच्या काळातील राजनैतिक पत्रव्यवहार. दोन राज्ये परस्परांशी कशी वागतात, तह कसे होतात, दूताला कोणते संरक्षण असते, परमुलखात आलेल्या माणसाचा हक्क कोणता, हे त्यांचे आयुष्यभराचे विषय ठरले. स्वदेशी परतून त्यांनी उस्मानियात अध्यापन केले. प्रेषितकालीन पत्रे, तह आणि फर्माने यांचा अरबी संग्रह १९४१ साली कैरोहून प्रसिद्ध केला. 'मुस्लिम कॉन्डक्ट ऑफ स्टेट' हा त्यांचा प्रसिद्ध इंग्रजी ग्रंथ प्रथम हैदराबादच्या 'इस्लामिक कल्चर' या त्रैमासिकातूनच क्रमशः आला.

या ग्रंथाचा मुख्य सिद्धांत असा की, आंतरराष्ट्रीय कायदा ही युरोपची निर्मिती नव्हे. १६२५ साली डच पंडित ह्यूगो ग्रोशियस याने युद्ध आणि शांतता यांच्या कायद्यावर आपला युगप्रवर्तक ग्रंथ लिहिला. त्याच्या आठशे वर्षे आधी, सन ८०५ मध्ये निवर्तलेल्या शैबानी या बगदादी काळातील न्यायपंडिताने 'सियर' या नावाने याच विषयाचे स्वतंत्र शास्त्र मांडले होते. शैबानीच्या ग्रंथावरचे मोठे भाष्य अकराव्या शतकातील सरख्सीचे. राजाच्या रोषामुळे सरख्सी कारावासात पडला आणि एका खोल विवरातून वर बसलेल्या शिष्यांना त्याने आपले ग्रंथ तोंडी सांगितले, अशी परंपरा आहे. ग्रोशियसची हकीकत ग्रंथालयाच्या सभासदांना तर फारच आवडावी. त्याला किल्ल्यात जन्मठेप झाली होती. वाचनासाठी त्याच्याकडे पुस्तकांच्या पेट्या येत-जात. १६२१ साली तो स्वतःच त्या पेटीत शिरून निसटला, पॅरिसला पोचला, आणि तो युगप्रवर्तक ग्रंथ त्याने परागंदा अवस्थेत तेथेच प्रसिद्ध केला. राज्यांनी कसे वागावे हे शास्त्र ज्यांनी लिहिले त्यांना त्यांच्याच राज्यांनी असे वागविले. सरख्सीच्या त्या भाष्याचे फ्रेंच भाषांतर हमीदुल्लाहांनी केले, तेही पॅरिसमध्ये, परागंदा असतानाच.

आता १९४८ कडे वळतो. येथे थोडे थांबणे भाग आहे.

भारत स्वतंत्र झाल्यावर निजामाने विलीनीकरणास नकार दिला. संस्थानात स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लढा पेटला होता आणि कासीम रझवीचे रझाकार मराठवाड्यातील खेड्यापाड्यांत धुमाकूळ घालीत होते. २१ ऑगस्ट १९४८ रोजी हैदराबादने संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीकडे भारताविरुद्ध तक्रार नोंदविली. ती मांडण्यासाठी मोईन नवाझ जंग यांच्या नेतृत्वाखाली शिष्टमंडळ गेले. आंतरराष्ट्रीय कायद्याचे जाणकार हमीदुल्लाह त्यात होते. औरंगाबादेत जन्मलेले दलित नेते बी. श्यामसुंदर हेही त्यात होते, ही गोष्ट आपण सहसा विसरतो. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य संस्थानात शिरले. १६ तारखेला पॅरिस येथे सुरक्षा समितीपुढे विषय निघाला आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. २२ सप्टेंबरला त्याने तक्रार मागे घेत असल्याचे कळविले. ज्या राज्याच्या वतीने बोलायचे ते राज्यच शिष्टमंडळाच्या पायाखालून गेले. सुरक्षा समितीच्या विषयपत्रिकेवर मात्र 'हैदराबादचा प्रश्न' हे कलम पुढे कित्येक वर्षे लोंबकळत राहिले.

शिष्टमंडळातील इतरांनी आपापला मार्ग धरला. श्यामसुंदर भारतात परतले आणि पुढे राजकारणातही राहिले. हमीदुल्लाह परतले नाहीत. विलीनीकरण त्यांनी मान्य केले नाही आणि भारताचे नागरिकत्व घेतले नाही. मग पाकिस्तानचे घ्यावयाचे! घटनेच्या संदर्भात सल्ला देण्यासाठी ते काही काळ कराचीस गेलेही. परंतु तेथे रमले नाहीत, पॅरिसला परतले. फ्रान्सचेही नागरिकत्व त्यांनी स्वीकारले नाही. निर्वासिताच्या प्रवासपत्रावर ते जगभर हिंडले. त्याच पॅरिस शहरात, त्याच वर्षाच्या १० डिसेंबरला संयुक्त राष्ट्रसंघाने मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या पंधराव्या कलमाने प्रत्येक मनुष्याला राष्ट्रीयत्वाचा हक्क आहे असे जगाला सांगितले.

त्यांची ही भूमिका मला पटत नाही. हैदराबाद हे काही निर्वात पोकळीतील कायद्याचे उदाहरण नव्हते. तेथे एक कोटीहून अधिक माणसे राहत होती आणि त्यांतील बहुसंख्यांना निजामाचे सार्वभौमत्व नको होते. तह आणि करार यांचा एवढा सूक्ष्म अभ्यास करणाऱ्या पंडिताच्या युक्तिवादात प्रजेची इच्छा कोठे बसते, हा प्रश्न त्यांना विचारलाच पाहिजे. याच संस्थानात वाढलेल्या नरहर कुरुंदकरांनी तो प्रश्न फार रोखठोकपणे मांडला आहे, आणि त्यात मी कुरुंदकरांच्या बाजूचा आहे. परंतु आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून हे प्रकरण पुरे होत नाही. पोलीस कारवाईनंतर संस्थानातील मुसलमानांची जी कत्तल झाली तिची चौकशी करण्यासाठी केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठविली. तिने मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार असा दिला, आणि सर्वाधिक झळ पोचलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड ही नावे घेतली. हा अहवाल कित्येक दशके अप्रकाशित राहिला. आमच्या आजोळच्या गोष्टी रझाकारांपाशी सुरू होत आणि १७ सप्टेंबरला संपत. पुढचे पान कोणी वाचून दाखवीत नसे. पॅरिसमध्ये बसलेल्या माणसाला घरून येणाऱ्या पत्रांतून हे पुढचेच पान वाचावे लागले असणार. त्याच्या हट्टाचे समर्थन मी करीत नाही, पण तो समजतो.

आपणा इंदूरकरांना हे समजणे जड जाऊ नये. आपलेही शहर संस्थानी. १८९१ चे होळकर कॉलेज, जुनी रुग्णालये, कलावंतांचा आणि खेळाडूंचा राजाश्रय यांचा उल्लेख आजही आपण काहीशा हळव्या स्वरात करतो. आपले महाराजही १९४७ साली सामीलनाम्यावर सही करण्यास चटकन तयार नव्हते. १९४८ च्या मे महिन्यात इंदूर मध्यभारतात विलीन झाले आणि येथील कोणाला परागंदा व्हावे लागले नाही. हा फरक नशिबाचा किती आणि शहाणपणाचा किती, हा वादाचा विषय आहे; आज त्यात शिरत नाही.

राजकारण येथे संपले, कारण हमीदुल्लाहांनीच ते संपविले. त्यांच्याच पिढीतले, १९०३ साली औरंगाबादेत जन्मलेले मौलाना मौदूदी यांनी १९४१ साली जमात-ए-इस्लामी ही संघटना काढली आणि धर्माला राजकीय कार्यक्रमाचे रूप दिले. हमीदुल्लाहांनी पक्ष काढला नाही, अनुयायी गोळा केले नाहीत. ते ग्रंथालयात जाऊन बसले. १९५४ पासून १९७८ पर्यंत फ्रान्सच्या राष्ट्रीय वैज्ञानिक संशोधन केंद्रात त्यांनी काम केले. इस्तंबूल विद्यापीठात अनेक वर्षे ठराविक महिने जाऊन शिकविले, कारण जगातील अरबी हस्तलिखितांचा फार मोठा साठा त्या शहरात आहे. लग्न केले नाही. एखाद्या व्रतस्थासारखी त्यांची राहणी होती.

त्यांच्या संशोधनातील एकच उदाहरण मी विस्ताराने सांगतो, कारण मराठीच्या विद्यार्थ्याला ते ओळखीचे वाटेल. आपल्या महानुभाव वाङ्मयात म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' कसे सिद्ध केले हे आपण जाणता. चक्रधरस्वामींच्या सहवासातील माणसे गाठायची, प्रत्येकाची आठवण ऐकायची आणि ती टिपून ठेवायची. मूळ प्रत धामधुमीत हरवली व स्मरणावरून ग्रंथ पुन्हा उभा करावा लागला, असे पंथाची परंपरा सांगते. इस्लाममध्ये प्रेषितांच्या वचनांच्या व आचरणाच्या आठवणी म्हणजे हदीस. अमुकाने तमुकाकडून ऐकले, त्याने आणखी कोणाकडून, अशी साखळी प्रत्येक हदीसला असते. बुखारीसारखे प्रमाण मानले गेलेले संग्रह नवव्या शतकातले, म्हणजे प्रेषितांनंतर दोन शतकांचे. मधल्या काळात हे सारे केवळ तोंडी चालले असेल तर त्यात भर किती पडली, असा प्रश्न युरोपातील पंडितांनी उपस्थित केला. हंगेरीच्या गोल्डत्सीहरने तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडला आणि १९५० साली जोझेफ शाख्ट याने तर कायदेविषयक हदीसांचा पायाच संशयित ठरविला.

हमीदुल्लाहांनी वाद घातला नाही. एक जुनी वही शोधून पुढे ठेवली. प्रेषितांचे सहचर अबू हुरैरा यांचा हम्माम इब्न मुनब्बिह नावाचा एक येमेनी शिष्य होता. गुरूकडून ऐकलेली वचने त्याने लिहून ठेवली होती. या 'सहीफा'ची, म्हणजे टिपणवहीची, एक प्रत बर्लिनच्या आणि दुसरी दमास्कसच्या ग्रंथसंग्रहात होती. दोन्ही ताडून, पाठभेद देऊन हमीदुल्लाहांनी १९५३ साली दमास्कसहून ती प्रसिद्ध केली. तीत १३८ हदीस आहेत. नवव्या शतकातील मोठ्या संग्रहांत हम्मामच्या नावावर जी वचने आढळतात त्यांच्याशी ती ताडून पाहिली, तेव्हा आशयात फरक जवळजवळ नाहीच असे त्यांनी दाखविले. पहिल्या पिढीनंतर लगेचच लेखन सुरू झाले होते आणि मधल्या पिढ्यांनी मजकूर प्रामाणिकपणे पुढे पोचविला, हा त्यांचा निष्कर्ष. सर्वच संशयवाद्यांचे समाधान त्याने झाले असे नाही. हाती आलेल्या प्रती हम्मामच्या काळापेक्षा कितीतरी नंतरच्या, हा आक्षेप उरतोच. आणि 'लीळाचरित्रा'च्या प्रतींविषयी कोलत्यांना जो प्रश्न पडला होता त्याच जातीचा तो आहे. पण चर्चेला आधार मिळाला तो कागदाचा. खेडोपाडी दप्तरे धुंडाळणाऱ्या आपल्या राजवाड्यांना ही पद्धत पसंत पडली असती.

अशी संपादने त्यांनी कितीतरी केली. बलाधुरीचा वंशेतिहास, प्रेषितांचा आद्य चरित्रकार इब्न इसहाक याच्या ग्रंथाचे हाती लागलेले तुकडे, आणि दीनवरीचा वनस्पतिकोशसुद्धा. धर्मशास्त्राच्या पंडिताने झाडापाल्यांच्या कोशावर वर्षे घालवावीत, हे मला फार लोभस वाटते. १९५९ साली कुराणाचे त्यांचे फ्रेंच भाषांतर प्रसिद्ध झाले. त्याला लुई मासिन्यों या थोर फ्रेंच पंडिताची प्रस्तावना आहे. त्याच वर्षी प्रेषितांचे दोन खंडांतील फ्रेंच चरित्रही आले.

गुणांबरोबर मर्यादाही नोंदविली पाहिजे. मदिनेत प्रेषितांनी तेथील टोळ्यांशी, ज्यूंसह, केलेल्या कराराला हमीदुल्लाह 'जगातील पहिली लिखित राज्यघटना' म्हणतात. जर्मन पंडित वेलहाउझेनने त्याची सत्तेचाळीस कलमे पाडली होती, यांनी बावन्न पाडली. दस्तऐवज अस्सल आणि अतिशय महत्त्वाचा आहे, यात शंका नाही. परंतु टोळ्याटोळ्यांमधील रक्तदंड, खंडणी आणि संरक्षण यांच्या कराराला राज्यघटना म्हणणे हा शब्दाचा ताण आहे. पारतंत्र्यातील विद्वानांना 'आमच्याकडे हे आधीच होते' असे म्हणण्याचा मोह होतो. आपल्याकडेही वेदांत विमाने शोधणारे झाले. हमीदुल्लाह त्या थराला कधीच गेले नाहीत. पण जेथे पुरावा देऊन थांबायचे तेथे ते कधीकधी एक पाऊल पुढे टाकतात, आणि ते पाऊल भक्ताचे असते, संशोधकाचे नव्हे.

मार्च १९८० मध्ये ते पाकिस्तानातील बहावलपूर येथे गेले आणि तेथील विद्यापीठात त्यांनी बारा व्याख्याने दिली. कुराणाचा इतिहास, हदीसचा इतिहास, न्यायशास्त्र, आंतरराष्ट्रीय कायदा, प्रेषितकालीन राज्यव्यवस्था असे विषय होते. हाती टिपण न घेता, उर्दूत, आणि प्रत्येक व्याख्यानानंतर श्रोत्यांच्या प्रश्नांना उत्तरे देत. ध्वनिफितींवरून उतरवून काढलेली ही 'खुत्बात-ए-बहावलपूर' उर्दूत आजही आवडीने वाचली जातात. व्याख्यानमाला चालविणाऱ्या संस्थांनी हे पुस्तक अवश्य पाहावे. तीस वर्षे फ्रेंच मुलखात राहूनही त्यांची उर्दू उस्मानियाचीच राहिली होती, असे जाणकार म्हणतात. पाकिस्तान सरकारने दिलेल्या पुरस्काराची रक्कम त्यांनी इस्लामाबादच्या इस्लामी संशोधन संस्थेला देऊन टाकली. त्या संस्थेच्या ग्रंथालयास आज त्यांचेच नाव आहे. १९९६ साली प्रकृती ढासळली तेव्हा नातेवाइकांनी त्यांना अमेरिकेस नेले. हैदराबादच्या मातीत ते पुन्हा आले नाहीत.

श्रोतेहो, शताब्दीनिमित्त नवे ग्रंथ घेण्यासाठी कार्यकारिणीने सभासदांकडून सूचना मागविल्या आहेत असे कळते. माझी सूचना येथेच देतो. 'इंट्रोडक्शन टू इस्लाम' आणि 'मुस्लिम कॉन्डक्ट ऑफ स्टेट' ही हमीदुल्लाहांची दोन पुस्तके इंग्रजीत आहेत, ती घ्यावीत. कुरुंदकरांचे हैदराबादविषयक लेखन आपल्या कपाटात आहेच. दोन्ही एकाच फळीवर ठेवता आली तर पाहावे. वर्गीकरणाच्या नियमात ते बसत नसेल तर ग्रंथपालांनी मला क्षमा करावी.